लाईन बंद न करता

उल्हासनगर, कॅम्प ४
१८ जानेवारी २०२५

आत्ये,

इथून नुसते हात जोडते, पाया पडायला समक्ष येईन. तुझ्याशी फोनवर बोलायचं म्हणजे अख्ख्या गल्लीला घरच्या गोष्टी ऐकवायच्या आणि एवढं करून तुला काही ऐकू जायचं नाही. त्यापेक्षा हे बरं. तुझ्या शेजारची जनीवहिनी रोज इथल्या बाजारात भाजी घेऊन बसतेच. तिच्या रिकाम्या पाटीत पत्र टाकलं की संध्याकाळी तुझ्या हातात.

बातमी अशी की मला पाणी खात्यात घेतलं. ज्युनिअर इंजिनिअर. कंत्राटावर आहे, मार्चअखेरपर्यंत, पण काम पसंत पडलं तर पुढे वाढवतात. आणि काम कसलं आहे माहितीये? तुमच्या जांभूळकडून शहरांकडे जी मोठी लाईन येते तिच्या गळत्या बुजवायच्या, आणि त्याही लाईन बंद न करता! पूर्वी दुरुस्ती निघाली की 'शुक्रवारी पाणी येणार नाही' म्हणून बोर्ड लागायचा आणि लोक कुकरपासून बादलीपर्यंत सगळं भरून ठेवायचे. आता पाणी खालून वाहत असतं आणि आम्ही वरून काम करत असतो. नळ सोडणाऱ्याला पत्ताही लागत नाही. आमचं सामान करून देणारा लेथवाला धर्मेश म्हणतो, "मॅडम, ये तो चलती गाडी का टायर बदलने जैसा है." मी खूश आहे, आत्ये. खूप दिवसांनी इतकी खूश आहे.

आता तुझ्याकडे काम. लाईन तुमच्या खालच्या वाडीच्या शेतातून जाते. तिथे एका जागी आमच्या नकाशात कोणीतरी लाल पेन्सिलीने 'देवस्थान, हात लावू नये' असं लिहून ठेवलंय. कोणता देव ते इथे कोणालाच सांगता येत नाही. त्या बाजूला थोडी दुरुस्ती आहे. नारळ फोडायचा, गाऱ्हाणं घालायचं, काय रीत असेल ती कळव. मी सगळं रीतीने करीन.

तुझी,
शलाका

———

खालची वाडी, जांभूळ
२१ जानेवारी

शलाके,

आशीर्वाद घे. इंजिनिअर झालीस तरी आत्याला विचारल्यावाचून तुझं पान हलत नाही, हे वाचून जीव सुखावला. माझा भाऊ महिपती असता तर वाडीभर पेढे वाटत फिरला असता. तो नाही, म्हणून मी साखर वाटली.

देवी आहे ती. फार कडक. तिचं नाव घेत नाहीत. वाडीत लग्न निघालं की हळदीचं पाणी तिच्याकडूनच यायचं. पुढे धवलारीण लग्नाची गाणी गात चालणार, मागे आम्ही बायका कळशा घेऊन. तिला हळदकुंकू वाहिल्याशिवाय कळशी टेकवायची नाही. मागे एकदा तुमच्या खात्याचा माणूस पाना घेऊन आला होता. त्याने कुंकू पाहिलं, बूट काढले, हात जोडले आणि आल्या पावली परत गेला. शहाणा माणूस. तूही त्याच्यासारखीच वाग आणि तुझी दुरुस्ती दुसरीकडे कुठे कर.

जनीच्या प्रीतीचं लग्न एप्रिलात आहे. हळदीला यायचं, आणि साडी नेसून यायचं. जनीबरोबर पालक पाठवला होता, गोड होता ना?

आत्या

———

उल्हासनगर, कॅम्प ४
२ फेब्रुवारी

आत्ये,

मी येऊन गेले. तू डोळे दाखवायला बदलापूरला गेली होतीस म्हणे. तुझी कडक देवी पाहिली.

तो हवेचा व्हॉल्व्ह आहे, आत्ये! पाइपात अडकलेली हवा बाहेर सोडायला बसवतात तो. त्याची मान चिरली आहे आणि त्यातून मनगटाएवढी धार चोवीस तास पडते आहे. वर बोटभर कुंकवाचा थर. खाली हंडे ठेवायला दगड, पलीकडे धुणं आपटायला दगड, आणि भोवती पालक, लाल माठ, मुळ्याचे वाफे. आमचा जुना फिटर हिरामण सोबत होता. तो इतका हसला की त्याला बांधावर बसावं लागलं. इतकी वर्षं खातं एका गळतीला पाया पडत आलं! मीही हसले, पण परत येताना मला राग आला. तू मला, तुझ्या भाचीला, बनवलंस.

आता नीट वाच, कारण हे मी इंजिनिअर म्हणून लिहिते आहे. ती गळती बुजवावीच लागेल. एक तर शुद्ध केलेलं पाणी शेतात जातंय. दुसरं जास्त वाईट आहे. कधी लाईनीतला दाब उतरला की ती चीर बाहेरचं पाणी आत ओढते. तुमच्या वाफ्यातलं शेणपाणी, धुण्याचं पाणी, सगळं लाईनीत. ते इथे कॅम्पात लेकरांच्या तोंडी जातं. मी ते पाहून गप्प बसू शकत नाही.

काम सोपं आहे. धर्मेश दोन अर्धुकांचा लोखंडी पट्टा करतोय, आतून रबर लावलेला. तो चिरलेल्या मानेभोवती बसवायचा आणि बोल्ट आवळायचे. आवळताना आतलं पाणी उसळतं, म्हणून पट्ट्याला एक छोटा कॉक ठेवतात. तोवर पाणी त्यातून पडत राहतं. पट्टा घट्ट बसला की कॉक बंद करायचा, त्यावर लोखंडी बूच मारायचं, झालं. लाईन एक मिनिटसुद्धा बंद होणार नाही. होळीनंतर, १९ मार्चला करायचं ठरलंय. वाडीसाठी खात्याचा टँकर येईल, असं साहेब म्हणाले आहेत.

रागावू नकोस. मी कोणाचं वाईट करत नाहीये.

शलाका

———

खालची वाडी
५ फेब्रुवारी

शलाके,

आशीर्वाद आहेच, तो कुठे जात नाही. आता भांडते.

हो, बनवलं. तुझ्या खात्याला बनवलं आणि तुलाही. हळदीचं पाणी आणण्याची रीत खरी आहे, कुंकू खरं आहे. तुमच्या माणसाने त्याची देवी केली, आम्ही नाही म्हटलं नाही एवढंच. पाण्याला हात जोडले तर बिघडलं कुठे? पण त्या धारेवर आम्ही का जगतो ते तू विचारलं नाहीस. हसलीस आणि गेलीस.

आमची विहीर तू लहानपणी पाहिलीस, तिच्यात पोहलीस. कारखान्यांचा नाला शेजारून वाहायला लागला आणि तिचं पाणी पिवळं झालं. गुरंसुद्धा तोंड लावत नाहीत. तेव्हापासून आम्ही नळ मागतोय. लाईन आमच्या शेतातून जाते, भात तुडवून ती टाकली, तेव्हा वाडीला नळ देऊ म्हणाले होते. पुढे जो साहेब आला त्याने एकच सांगितलं: तुम्हाला जोड द्यायचा तर मोठी लाईन बंद करावी लागेल, खालची सगळी शहरं तहानलेली राहतील, मूठभर घरांसाठी ते कसं करायचं? आणि शलाके, आम्हाला ते पटलं. मी स्वतः बायकांना सांगितलं, कोणाचं पाणी तोडून आपल्याला नको. चिखलोलीकडच्या नव्या इमारतींना जोड दिला तेव्हा दिवसभर सगळ्यांचं पाणी बंद होतं. ते कसं चाललं, असं तेव्हाही मनात आलं. पण मोठ्यांची कामं मोठी, म्हणून गप्प राहिलो.

आणि आता तू लिहितेस, लाईन एक मिनिटसुद्धा बंद होणार नाही! तुझं पत्र मी दोनदा वाचलं. मग पारावर बसून सगळ्यांना मोठ्याने वाचून दाखवलं. जनी माझ्या कानाशी येऊन ओरडली, "म्हंजे यवरी वर्सा आमाला फशिवला का?"

शेणपाणी लाईनीत जातं, हे तुझं खरं. कॅम्पातली लेकरं ती आमचीच. म्हणून तर म्हणते, धड नळ द्या. चिरलेल्या मानेखाली हंडा धरायची आम्हाला हौस नाही. तुझ्या पट्ट्याला कॉक आहे ना? त्याला बूच मारू नकोस. त्याला पाइप जोड आणि वाडीत आण. चीर बुजेल, घाण थांबेल, आम्हाला पाणी मिळेल आणि तुझ्या शहरांना पत्ताही लागणार नाही.

एवढं कर. नाही केलंस तर मी त्या देवीवर जाऊन बसेन, आणि मला उठवायला तुला क्रेन आणावी लागेल.

आत्या

———

उल्हासनगर, कॅम्प ४
१ मार्च

आत्ये,

उत्तराला उशीर झाला. पिवळ्या विहिरीचं मला माहीत होतं. माहीत असून मी टँकर येईल असं लिहून मोकळी झाले.

साहेबांना विचारलं. कॉक दाखवला, तुमच्या वाडीचं सगळं सांगितलं. ते शांतपणे ऐकत होते. मग म्हणाले, "शलाका मॅडम, आपल्या ऑर्डरमध्ये दुरुस्ती आहे, जोडणी नाही." मी म्हटलं, सर, लाईन बंद करावी लागत नाही, आणि इतकी वर्षं अडचण तीच होती ना? ते म्हणाले, "आज यांना दिलं तर उद्या लाईनीवरचं प्रत्येक गाव येईल." म्हणजे अडचण ती नव्हतीच, आत्ये. कधीच नव्हती.

पण माझं धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं झालंय. कंत्राट महिनाअखेर संपतं. ते वाढवायचं साहेबांच्या हातात आहे. हे काम नीट झालं तर मी आत राहीन, आणि आत राहिले तर तुमच्या नळासाठी पुढे भांडता येईल. आज भांडले तर बाहेर जाईन, मग कोण भांडणार? म्हणून पाया पडते, १९ तारखेला येऊन बसू नकोस. काम होऊ दे. नंतर मी नक्की बघते.

शलाका

———

खालची वाडी
४ मार्च

शलाके,

'नंतर बघते' हे तू साहेबाकडून शिकलीस की कॉलेजात शिकवतात?

तुझ्या नोकरीचं मला कळतं. तुझा बाप गेल्यावर तू कशी शिकलीस ते मी पाहिलंय. तुझ्या पोटावर पाय आणायला मला आनंद होत नाही. पण शेंडी तुटो वा पारंबी तुटो, आम्ही येणार. सगळ्या बायका येणार, रिकामे हंडे घेऊन. साहेबालाही बोलाव. तो काय बोलेल याची मला भीती नाही, मला ऐकूच येत नाही.

तू मात्र ठरव, कुठल्या बाजूला उभी राहणार ते.

आत्या

———

खालची वाडी
२१ मार्च

शलाके,

माझ्या पत्राला तू उत्तर दिलं नाहीस. परवा दिलंस ते सगळ्यांसमोर दिलंस.

मी व्हॉल्व्हवर बसले होते. तू माझ्यासमोर उकिडवी बसलीस, माझे हात हातात घेतलेस आणि काहीतरी म्हणालीस. तुझे डोळे भरले होते. मला वाटलं, पोरगी आपल्या बाजूने आली. मी उठले. जनीने नको नको केलं तरी उठले. मग हिरामणने पट्टा चढवला, बोल्ट आवळले, आणि कॉकमधून पाणी पडायला लागलं, स्वच्छ, काचेसारखं. आम्ही टाळ्या वाजवल्या. तेवढ्यात साहेब गाडीतून उतरला आणि तुझ्याशी बोलला. तू मान हलवलीस, खाली वाकलीस आणि तुझ्या हाताने कॉक बंद केलास.

मी तिथे थांबले नाही. कोणीच थांबलं नाही. हंडे घेऊन आलो तसे गेलो. तू मागून धावत आलीस, दारावर थापा मारल्यास असं जनी सांगते. मी दार उघडलं नाही. उघडणार नव्हतेच.

टँकर आलेला नाही. आम्ही वरच्या पाड्याच्या हातपंपावरून पाणी आणतोय. आज जनीने भाजी बांधायला आणलेल्या पेपरात तुमच्या खात्याची बातमी होती: एवढी मोठी दुरुस्ती झाली, पण एकही नळ कोरडा पडला नाही. खरंच आहे. आमच्याकडे नळच नाही.

हळदीला येऊ नकोस.

बनूबाई

———

उल्हासनगर, कॅम्प ४
२२ मार्च

आत्ये,

तू सही 'बनूबाई' अशी केलीस. ते मला काल हातात पडलेल्या साहेबांच्या मेमोपेक्षा जास्त लागलं. पण तू चुकलीस, आणि मी तुला तसं स्पष्ट सांगणार आहे, कारण तुझीच भाची आहे.

तुझे हात धरून मी म्हटलं होतं, "आत्ये, उठ, मी बूच मारणार नाही." तुला ऐकू गेलं नाही हे मला तेव्हा सुचलंच नाही. मीच वेडी.

कॉक बंद केला कारण पट्टा पूर्ण दाबाला धरतो की नाही ते बघायचं होतं. ते बघितल्याशिवाय नळ लावून काय उपयोग? रात्रीतून पट्टा सुटला असता तर तुमचा नळही गेला असता आणि शहराचं पाणीही. पट्टा धरला. थेंब नाही. तेव्हा साहेब म्हणाले, "गुड. आता बूच मारा." तुम्ही सगळ्या पाठ फिरवून निघाल्या होतात. मी म्हटलं, मारणार नाही.

ते म्हणाले, काय? मी मराठीत आणि इंग्रजीत, दोन्हीत सांगितलं, म्हणजे पुन्हा विचारायला नको. म्हटलं, सर, या लोकांना आपल्या खात्याने सांगितलं की लाईन बंद करावी लागते म्हणून नळ देता येत नाही. आज लाईन चालू आहे. माझा हात तिच्यावर आहे, तुम्ही पण हात ठेवून बघा. आता दुसरं कारण सांगा, आणि ते मला नको, त्या चालल्यात त्यांना सांगा. ते म्हणाले, तुमचं कंत्राट माझ्या टेबलावर आहे. मी म्हटलं, टेबलावरच ठेवा. मग त्यांनी बूच हिरामणकडे दिलं आणि त्याला मारायला सांगितलं. हिरामण म्हणाला, "साहेब, माजा खांदा दुखतो." आणि ते बूच त्याने खिशात घातलं. साहेब गाडीत बसून गेले.

हे सांगायला मी तुझं दार बडवत होते. हात अजून सुजलाय.

उद्या रविवार. मी, हिरामण आणि धर्मेश येतोय. पाइप, नळाच्या तोट्या, सगळं धर्मेशने दिलंय. त्याला वाडीचं सांगितलं तर म्हणाला, "हमारे बुजुर्ग बंटवारे के बाद जब इस कॅम्प में आये थे ना मॅडम, पानी के लिए ऐसे ही झगडे थे." माझ्याकडे मजूर मागायचा अधिकार नाही. व्हॉल्व्हपासून पारापर्यंत चर खणायला लागेल, गुडघाभर खोल. दिवसाढवळ्या करू, रस्त्यावरून जाणाऱ्याला दिसेल असं. चोरून काही करायचं नाही.

खणायला ये अगर नको येऊ. मी येतेय.

शलाका

———

खालची वाडी
१२ एप्रिल

शलाके, माझ्या बाय,

त्या रविवारी पारावर नळ लावून तू चिखलाने माखून गेलीस ती आता तीन आठवडे झाले. तुझ्यावर अविश्वास दाखवला, त्याचं मला वाईट वाटतं. पण फार नाही वाटत. त्या रागातच मी तो चर अर्धा खणला.

प्रीतीची हळद झाली. तू साडी नेसून आलीस आणि तरीही चालताना पॅन्ट घातल्यासारख्या ढांगा टाकत होतीस, हे सगळ्यांनी पाहिलं.

आता इथलं ऐक. गेल्या सोमवारी तुमच्या खात्याचे दोघे आले, नळ तोडायला. आम्ही बायका रांगेत उभ्याच होतो. मी त्यांना म्हटलं, तोडा, पण आधी मीटर लावा. ते बुचकळ्यात पडले. म्हटलं, आम्हाला फुकटचं नको. मीटर लावा, बिल पाठवा, आम्ही भरू. नाही भरलं तर या आणि तोडा. जनी त्यांच्यासमोर हात पसरून म्हणाली, "यो पानी आमचे शेतानशी जातंय. तोराचा हाय त आमचे डोल्यांम्होरं तोरा, नि खाली शहराला सांगा का आमी तोरला." ते बराच वेळ फोनवर बोलले आणि निघून गेले. काल मीटर लावून गेले. पावती दिली. तिच्यावर वाडीचं नाव आहे. शलाके, सरकारी कागदावर खालच्या वाडीचं नाव मी पहिल्यांदा वाचलं. भिंतीला लावलंय.

तुझं कंत्राट वाढवलं नाही, हे हिरामणने सांगितलं. तू सांगितलं नाहीस. मीटरच्या कागदावर आणि तुझ्या कागदावर एकाच साहेबाची सही आहे, असंही तो म्हणाला. मी ऐकून जेवले नाही. मग विचार केला, उपाशी राहून तुझ्या काय उपयोगाची? तू दुसरी नोकरी शोधशील, मिळेल. तोवर खोलीचं भाडं जड जाईल तर इथे ये, खोली रिकामी आहे आणि पाणी आहे.

पण आज लिहायला बसले ते वेगळ्याच कारणाने. परवा लाईनीवरच्या पलीकडच्या गावच्या बायका आल्या होत्या. त्यांनी आमचा पट्टा पाहिला, कॉक पाहिला, तोटी सोडून पाणी प्यायल्या. मग त्यांच्यातली म्हातारी म्हणाली, त्यांनाही इतकी वर्षं तेच सांगितलंय, लाईन बंद करावी लागेल. त्यांच्या पलीकडच्या पाड्यालाही तेच सांगितलंय.

मी त्यांना तुझी पत्रं वाचून दाखवली. एक अन् एक शब्द. त्यांनी अजून अर्ज केलेला नाही. आधी चर खणला आहे.

बुधवारी त्या सगळ्या साहेबाच्या ऑफिसात जाणार आहेत, मीही जाणार आहे. तूही यायचंस. तुला बोलायचं काही काम नाही, नोकरीचं रडगाणं गायचं नाही. तू नुसती आमच्या शेजारी उभी राहा. तू समोर असलीस की 'लाईन बंद करावी लागते' असं म्हणायला त्याची जीभ रेटायची नाही.

आत्या